शिपाई मागे वळत नाही

१

करणनं लबाडी केली, हे कोपरगावातल्या निम्म्या पोरांनी एकाच वेळी, एकाच टीव्हीवर पाहिलं.

रविवारची सकाळ होती. बसस्टँडमागच्या गाळ्यांच्या ओळीत काकासाहेबांचं व्हिडिओ गेमचं दुकान. शटर अर्धं खाली ओढलेलं आणि आत पोरं दाटीवाटीनं बसलेली. घाम, गुटखा आणि तापलेलं प्लॅस्टिक यांचा असा काही वास मिसळला होता, की दारापाशी खुर्चीत बसलेल्या गहिनीनाथ सरांनी रुमाल नाकाशी धरला होता. सर मूळचे पाथर्डीकडचे, कोपरगावात मास्तरकी करून निवृत्त झालेले, एकटे. दुकानावरच्याच खोलीत पुस्तकांच्या गराड्यात राहत. कुणाच्या अध्यात नाहीत, मध्यात नाहीत, आणि शाळेच्या क्रीडा विभागातलं जुनं घड्याळ त्यांच्याकडे होतं. एवढ्यावरून पोरांनी त्यांना पंच करून टाकलं होतं. नाही म्हणायचं धाडस सरांना कधी झालंच नाही.

गेमचं खरं नाव कुणालाच माहीत नव्हतं. कॅसेटवरचा कागद फाटलेला. एक बुटका शिपाई तळघरातून निघतो आणि बुरुजाच्या टोकावरची घंटा वाजवतो, एवढाच खेळ. म्हणून पोरं त्याला ‘बुरूज’ म्हणत. बाकीच्या गावांत पोरं गेम संपवून दुसरा लावत. इथं मात्र वेगळंच वेड शिरलं होतं. गेम संपवण्यात काही नाही, तो सगळ्यांपेक्षा लवकर संपवण्यात आहे! कुठली शिडी सोडायची, कुठल्या वटवाघळाचा मार मुद्दाम खायचा म्हणजे त्या धक्क्यानं शिपाई पुलापलीकडे जाऊन पडतो, यावर चहाच्या टपरीवर वाद रंगत. प्रत्येकाची आपापली ‘वाट’ असे आणि ती तो जिवापाड जपे.

नियम भिंतीवर रंगवलेले होते. एकच जीव मिळेल. मध्ये थांबवला तर डाव बाद. पंचासमोर खेळायचं आणि व्हीसीआरवर टेप भरायची. शेवटचा नियम तांबड्या अक्षरांत: भूत चालणार नाही.

भूत म्हणजे त्या गेममधली एक खोड. तिसऱ्या टप्प्यात विहिरीच्या काठी शिपायाची पाठ भिंतीला लावून एक विशिष्ट उडी मारली, की तो दगडात शिरे आणि सगळा चौथा टप्पा चुकवून पाचव्यात बाहेर पडे. ज्यानं गेम बनवला त्याची चूक. काहींच्या मते ती वापरणं म्हणजे हुशारी, काहींच्या मते चोरी. कोपरगावनं चोरी ठरवली होती.

ते सत्त्याण्णव साल होतं. नगरच्या एका डीलरनं व्हिडिओ गेमची नवी शोरूम काढली होती. प्रत्येक तालुक्यातून एक खेळाडू आणि त्याची टेप मागवली होती आणि जो पहिला येईल त्याला शोरूममध्ये पगारी नोकरी. कोपरगावातून करणचं नाव पक्कं होतं. बारावीनंतर घरी बसलेला, बोलायला कमी, पण बुरुजात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याची टेप नगरला धाडण्याआधी सगळ्यांना दाखवायची, म्हणून हा मेळा भरला होता.

टेप सुरू झाली. शिपाई तळघरातून सुसाट निघाला.

“बघा, पठ्ठ्या मागं वळतच न्हाई,” कुणीतरी कौतुकानं म्हणालं. करणची ख्यातीच ती होती.

पुलावर वटवाघळाचा मार खाऊन शिपाई उडाला आणि हवेतच क्षणभर थबकला. “व्हीसीआरचं हेड पुसा राव,” गल्ल्यावरचा सचिन ओरडला. चित्र पुन्हा हललं. तिसरा टप्पा आला, विहीर आली. शिपाई काठावर थांबला, खाली बसला, उडाला, आणि दगडात शिरून दिसेनासा झाला.

दुकान एकदम उसळलं.

“वाटलंच हुतं मला,” सचिन म्हणाला. “कितीबी जवळ करा यांना...” त्यानं वाक्य पुरं केलं नाही. ते पुरं करायची कुणाला गरजही वाटली नाही.

काकासाहेबांनी स्वतः उठून टीव्ही बंद केला आणि ओल्या फडक्यानं फळ्यावरचं करणचं नाव पुसलं. पोरांनी करणला धक्के देत शटरपाशी आणलं. सचिननं त्याच्या कानशिलात भडकावली. करणनं हात उचलला नाही. तो फक्त सरांकडे बघत म्हणाला, “सर, तुमी हुते ना हितं? मी खेळलो तवा? तुमी सांगा ना.”

सरांनी रुमाल घडी करून खिशात घातला. करण खेळला त्या दिवशी त्यांच्या मांडीवर पुस्तक होतं. घड्याळ त्यांनी सुरू केलं होतं आणि शेवटची घंटा ऐकून बंद केलं होतं. मधलं त्यांनी पाहिलं होतं का, हे त्यांचं त्यांनाच सांगता येईना.

२

दुसऱ्या दिवशी करणची आई जिना चढून वर आली. मुक्ताबाई. सरकारी दवाखान्यात आया होती, ड्युटीवरून तशीच आली होती. करण जिन्यातच थांबला.

“सर, माझं पोरगं खरं बोलतं का खोटं, ते मी न्हाई इचारत,” ती म्हणाली. “तुमी काय पाह्यलं, तेवढं सांगा.”

“मी वाचत होतो, मुक्ताबाई,” सर खाली बघत म्हणाले.

तिनं खोलीभर रचलेल्या पुस्तकांवरून नजर फिरवली. “मंग आता ते टेपातलं वाचा की. नीट वाचा. गुरवारी काकासाहेब नगरला आपल्या पुतन्याचं, पंकजचं नाव कळवणार हायेत. नोकरी गेली तर दुसरी बघू. पर ह्या गावात त्यो चोर म्हनून ऱ्हाईल, त्याचं काय?”

सरांनी करणला आत बोलावलं. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला.

“भूत झालास?”

“न्हाई सर. मला भूत हुता येतच न्हाई.”

“का? इथल्या शेंबड्या पोरालाही येतं म्हणतात.”

करणनं चौकटीवरचा रंग नखानं खरवडला.

“बरं, तू कधी मागे का वळत नाहीस?”

करणचा चेहरा एकदम बंद झाला. “आमची वाटच तशी हाय,” तो म्हणाला आणि जिना उतरून गेला.

सर तो दिवस आठवत बसले. करण आला होता. दाराजवळच्या खिळ्यावरून त्यानं नेहमीसारखा आपला खेळायचा रिमोट काढला, पिन खोचली, जमिनीवर मांडी घातली. टेप भरताना पोरांना बाहेर काढलेलं, ती रस्त्यावर गलका करत होती. मग पुस्तक. मग घंटा आणि बाहेरून टाळ्या. मग टेप बाहेर काढून, तिच्या पाठीवरचा तो बारीकसा प्लॅस्टिकचा तुकडा सरांनीच नखानं मोडला होता. तो मोडला की टेपवर पुन्हा काही भरता येत नाही. नियमच होता तसा. मग टेपवर नावाची चिठ्ठी चिकटवून सही केली. सही तर त्यांचीच होती! ज्याच्यावर आपली सही आहे ते आपण पाहिलेलंच नाही.

३

“या या, सर! चहा सांगू?” काकासाहेब तोंडभरून हसले. बोलणं लोण्यासारखं. दुकानाखेरीज लग्नाचं शूटिंग करायचे, त्यामुळे अर्ध्या गावाच्या लग्नाच्या टेपा त्यांच्या कपाटात होत्या. “त्या पोराचं मनाला लावून घेऊ नका. तुमची काय चूक? वय झालं, डोळा लागतो माणसाचा.”

“टेप पुन्हा बघायची होती,” सर म्हणाले.

काकासाहेबांचं हसू तसूभरही हललं नाही. “बघा की. आपल्याकडं लपवाछपवी नाही.”

सरांनी टेप हातात घेतली. चिठ्ठी तीच, सही तीच. पाठीवरच्या मोडलेल्या तुकड्याच्या जागी भोक होतं. त्याच्या कडेवरून बोट फिरवलं तर बोट चिकटलं. चिकटपट्टी लावून काढल्यावर राहतो तसला मळकट, काळपट चिकटा. सरांनी बोट धोतराला पुसलं, तरी जाईना.

टेप लावली. शिपाई, तळघर, पूल, ते थबकणं, विहीर, भूत. रविवारी इथंच टीव्ही बंद झाला होता. सर पुढे बघत राहिले. पडद्यावर नुसत्या मुंग्या आल्या, आणि त्या संपेचनात.

“शेवटची घंटा कुठं गेली?” सरांनी विचारलं. “मी ती ऐकली होती.”

“जुना व्हीसीआर, सर. टेप खातो कधी कधी.” काकासाहेबांनी चहाचा कप पुढं सरकवला. कपाच्या कडेला लिपस्टिकसारखा पानाचा डाग होता. सरांनी तो कप तोंडाला लावला नाही.

“टेप कुठं होती इतके दिवस?”

“ह्याच कपाटात. चावी गल्ल्यात. गल्ल्यावर कधी मी, कधी सचिन, दुपारी आमची जयमाला. पंकज तर घरचाच, माझा पुतण्या. सगळी आपलीच माणसं हो.”

सचिन बाहेर मोटारसायकलवर बसला होता. नोकर म्हणून लागला होता, पण रुबाब मालकाचा.

“भूत बंद करा हा नियमच मला मान्य नव्हता,” तो म्हणाला. “गेममधी जे हाय ते हाय. आपन वापरायचं. पर नियम केला म्हंजे केला. आमी पाळतो, त्यानं का न्हाई पाळायचा?”

“होतं कसं ते भूत? मला दाखव.”

“सोपं हाय सर. भित्ताड आपल्या डाव्या अंगाला. शिपायाचं तोंड उजवीकडं. खाली बसायचं, मंग डावीकडचं बटन नि उडी, दोनी एकदम. की गेला दगडात.” त्यानं हवेतच अंगठा मारून दाखवला. “ह्येला काय डोकं लागत न्हाई.”

“आणि करणचा पूल? ती वटवाघळाची उडी?”

सचिन जरासा ओशाळला. “ती आमच्या बापाच्यानं व्हायची न्हाई.”

४

दुपारी दुकान बंद असे, पण शटर पुरतं लावलेलं नसे. सर वाकून आत आले. जयमाला गल्ल्यावर बसून रुमालावर टाके घालत होती. काकासाहेबांची मुलगी, बीएच्या शेवटच्या वर्षाला. टीव्ही सुरूच होता, आवाज बारीक, आणि पडद्यावर शिपाई एका शिडीच्या मध्यावर जागच्या जागी उभा.

“कुणी खेळत होतं का?”

“पोरं सोडून गेली असतील तसंच,” ती सुईकडे बघत म्हणाली.

“तू खेळतेस?”

“अण्णांना आवडत नाही. पोरांच्यात बसून मुलीनं...” तिनं दोरा दातानं तोडला. “मी नुसती बघते.”

तेवढ्यात पंकज आला. डॉक्टरी शिकणार म्हणून दोनदा बारावीला बसलेला, बापुडवाणा मुलगा. सरांनी त्याला पूल करून दाखवायला सांगितलं. पट्टीवर ओळीनं लटकणाऱ्या रिमोटांतला एक ओढून तो बसला. वटवाघळानं मारलं, शिपाई नदीत पडला. पुन्हा पडला. पुन्हा.

“मला नाही येत, सर,” तो वैतागून म्हणाला. “नगरला जाऊन मी काय दाखवू? माझं तोंड? काकाला सांगा ना तुम्ही. मला नकोय ते.” रिमोट टाकून तो निघून गेला.

सरांना वाटलं, आपणही एकदा बघावं. दीड वर्ष पंचगिरी केली पण रिमोट कधी हातात धरला नव्हता. दाराजवळच्या खिळ्यावर एकटाच लटकलेला रिमोट त्यांनी काढला.

“सर, तो नका घेऊ,” जयमाला चटकन म्हणाली.

“का गं?”

“तो... करणचा आहे. दुसरा देते ना.”

“असू दे.”

प्लॅस्टिक घासून घासून पांढरं पडलं होतं, पण स्वच्छ होतं. बाकीच्या रिमोटांवर गुटख्याच्या बोटांची पुटं चढली होती, यावर नव्हती. सरांनी पिन खोचली. शिपाई चार पावलं पुढे गेला आणि समोर खड्डा आला. सरांनी त्याला मागं घ्यायला अंगठा दाबला. शिपाई तिथंच. वटवाघूळ आलं, शिपाई पडला. दुसऱ्यांदा तसंच झालं. तिसऱ्यांदा त्यांनी अंगठा पांढरा पडेस्तोवर दाबला, तरी शिपाई मागं फिरेना.

“आपल्याला नाही जमायचं बुवा,” सर हसून म्हणाले आणि रिमोट पुन्हा त्याच खिळ्यावर अडकवला. जयमाला हसली नाही. ती त्या खिळ्याकडे बघत होती.

५

सर जिना चढत होते आणि मधल्या पायरीवरच थांबले.

बोर्डाचे पेपर तपासण्यात त्यांची हयात गेली होती. कॉपी पकडण्यात त्यांचा हातखंडा होता आणि त्यामागची युक्ती साधी होती. बरोबर उत्तरं सगळ्यांची सारखीच असतात, त्यांवरून कुणाचं काय कळणार? चुका मात्र ज्याच्या त्याच्या असतात. टेपमध्ये शिपाई किती छान धावला, हे सगळ्या गावानं पाहिलं. पण त्यात चूक कोणती आहे, आणि ती कुणाची असू शकते?

एक: हवेतच थबकलेला शिपाई. व्हीसीआरचं हेड खराब असतं तर चित्र फाटलं असतं, रेघा आल्या असत्या. ते चित्र स्वच्छ उभं होतं. आज दुपारी शिडीवर उभं होतं तसंच. कुणीतरी खेळ थांबवला होता. आणि थांबवला तर डाव बाद, हे भिंतीवर रंगवलेलं असताना थांबवणारा खेळाडू कोण असेल?

दुसरी चूक त्याहून मोठी होती. ती दुपारी खेळताना त्यांच्याच अंगठ्याखाली आली होती. ‘आपल्याला नाही जमायचं’ असं आपण म्हटलं! आयुष्यभर काही बिघडलं की पहिला संशय स्वतःवरच घ्यायची सवय. या वेळी बिघाड आपल्यात नव्हता.

आणि मग त्या खिळ्याचा विचार मनात आला. पट्टीवर एवढी जागा असताना एक रिमोट दाराजवळ वेगळा का? दीड वर्ष आपण त्या खिळ्याशेजारी खुर्ची टाकून बसलो. एकदाही विचारलं नाही. विचारलं नाही, कारण माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं. नियम भिंतीवर रंगवलेले होते. हा एक रंगवावा लागला नव्हता.

सरांना मोरीपर्यंत जाता आलं, एवढंच. दुपारचं सगळं जेवण ओकून पडलं.

६

गुरुवारी दुपारी सरांनी सगळ्यांना दुकानात जमवलं. करण आणि मुक्ताबाई दाराबाहेरच उभी राहिली. मुक्ताबाईला कुणी आत या म्हटलं नाही, आणि ती म्हणवून घ्यायच्या तयारीनं आलेलीही नव्हती.

“पंकज,” सर म्हणाले, “मला भूत करून दाखव. पण या रिमोटानं.” त्यांनी खिळ्यावरचा रिमोट काढून पुढे केला.

पंकजनं हात पुढे केला आणि मध्येच मागे घेतला. त्यानं काकाकडे पाहिलं. “दुसरा घेऊ का, सर?”

“का?”

“नाही... असंच.”

“सचिन, तू?”

सचिननं खिशातून रुमाल काढला, मग सगळे बघतायत हे लक्षात येऊन तो पुन्हा कोंबला. “त्यो त्येचा हाय ना,” तो पुटपुटला. “आमी कशाला?”

गल्ल्यावरची खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. जयमाला आली, तिनं सरांच्या हातातून रिमोट घेतला आणि पोरांच्या मधोमध जमिनीवर बसली.

“जया!” काकासाहेब म्हणाले.

ती खेळू लागली. तळघर गेलं. पुलावर वटवाघळाचा मार खाऊन शिपाई अलगद पलीकडे पडला, आणि पोरांच्या तोंडून एकदम ‘आयला’ निघालं. विहीर आली. जयमालानं शिपायाला भिंतीपाशी बसवलं. बटण आणि उडी. शिपाई जागच्या जागी उडाला. पुन्हा. पुन्हा तेच.

“होत नाही,” ती म्हणाली. “डावं बटण मेलेलं आहे.”

“आता दुसरा घे,” सर म्हणाले. तिनं पट्टीवरचा घेतला. शिपाई दगडात शिरला.

“त्यानंच मोडला असंल नंतर!” सचिन म्हणाला.

“कधी? रविवारपासून तो दुकानात आलेला नाही.” सर आता सगळ्यांकडे बघून बोलत होते, आणि त्यांचं त्यांनाच नवल वाटत होतं. “आणि साक्षीदार तुम्हीच आहात. करण मागं वळत नाही, हे दीड वर्ष कोण म्हणतंय? तुम्हाला वाटलं, ती त्याची ऐट. अरे, त्याला वळताच येत नव्हतं! त्याला दिलेला रिमोटच तसला, म्हणून त्यानं मागं न फिरता घंटेपर्यंत पोचायची वाट शोधून काढली. या रिमोटानं भूत होणं अशक्य आहे. आणि करण दुसऱ्या रिमोटाला हात लावू शकत नाही, ही खबरदारी तर या दुकानानंच घेतलेली होती.”

त्यांनी टेप उचलली. “या भोकावर चिकटपट्टी लावून कुणीतरी करणचा डाव पुसला आणि त्यावर दुसरा भरला. करणसारखा दिसावा म्हणून वाट हुबेहूब त्याची घेतली. एकच गोष्ट त्या माणसाला ठाऊक नव्हती. या रिमोटाचं डावं बटण मेलेलं आहे ही. ठाऊक कशी असणार? या रिमोटाला कधी कुणी शिवलंच नाही.”

“खेळला कोण मंग?” मागून कुणीतरी विचारलं. “पूल तर पंकजला येत न्हाई.”

सरांनी उत्तर दिलं नाही. जो खेळला त्यानं पुलावर खेळ थांबवला होता. पावलं वाजली की खेळ थांबवावा लागतो, अशा माणसाच्या बोटांची ती सवय. सरांना ते नाव घ्यायचं नव्हतं.

“मी खेळले,” जयमाला म्हणाली. ती अजून जमिनीवरच बसली होती. “अण्णा म्हणाले, नगरच्या डीलरला भूत कसं असतं ते दाखवायचंय. करणच्या वाटेनं खेळ, भूत झालं की बंद कर. मला वाटलं, पहिल्यांदाच अण्णांनी मला खेळ म्हटलं.” तिनं बापाकडे पाहिलं. “रविवारी मी आत होते. पोरांचा आरडाओरडा ऐकला तेव्हा कळलं. चार दिवस मी गप्प बसले.”

काकासाहेब उठले. ते रागावले नव्हते, हेच सरांना सगळ्यात किळसवाणं वाटलं. त्यांनी सरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि घरगुती आवाजात बोलू लागले.

“सर, तुम्ही समजदार आहात. मी काय त्या पोराला दुकानात येऊ दिलं नाही? सगळ्यांच्या आधी मी येऊ दिलं. पण शोरूमची नोकरी म्हणजे काय? गिऱ्हाइकाच्या हातात रिमोट द्यायचा, त्याच्या हातून घ्यायचा. चांगल्या घरची पोरंसोरं येणार. उद्या डीलर मला विचारणार, तुमच्या गावात दुसरं कुणी मिळालं नाही? मी वाईट वागलो का? मी फक्त विचार केला पुढचा.”

“हात काढा,” सर म्हणाले.

“आं?”

“खांद्यावरचा हात काढा आधी.”

काकासाहेबांनी हात काढला. मग, काहीच घडलं नसल्यासारखं, खडू घेऊन त्यांनी फळ्यावर करणचं नाव पुन्हा लिहिलं. “झालं? घरातली गोष्ट घरात राहू द्या. ये रे करण, आत ये. चहा घे.”

करण आत आला. चहाकडे त्यानं पाहिलं नाही. जयमालाच्या पुढ्यातला तो पांढरा पडलेला रिमोट त्यानं उचलला आणि वायर गुंडाळली.

“ह्यो माझाच हाय ना?” तो म्हणाला. “कुनाला लागत न्हाई. नेतो मी.”

जाताना तो जयमालापाशी थबकला. “पूल भारी केला तुमी,” तो म्हणाला. तिनं मान वर केली नाही.

७

टेप उरली नव्हती, म्हणून सर स्वतः करणबरोबर एसटीनं नगरला गेले आणि डीलरसमोर उभं राहून, तोंडी का होईना, साक्ष दिली. डीलरला साक्षीत रस नव्हता. “खेळून दाखव,” तो म्हणाला. त्यानं नवाकोरा रिमोट पुढे केला. करणनं पिशवीतून आपला काढला. पाथर्डीचा एक, संगमनेरचा एक, नेवाशाचा एक, सगळे मागं राहिले. घंटा वाजली तेव्हा सरांच्या मांडीवर पुस्तक नव्हतं. सोमवारपासून ये, असं डीलर म्हणाला, आणि मुक्ताबाईला सांगायला करण कोपरगावला एसटी फलाटाला लागायच्या आतच उतरून पळाला.

त्यानंतर बरेच दिवस सर दुकानाच्या बाजूनं गेलेच नाहीत. मागच्या जिन्यानं ये-जा करत. एकदा मात्र अचानक पाऊस आला म्हणून पुढून यावं लागलं.

“अहो सर! रागावलात का काय?” काकासाहेबांनी हाक मारली. तेच हसू. गल्ल्यावर आता सचिन बसला होता. जयमालाचं लग्न सिन्नरकडं ठरलंय, असं सरांच्या कानावर आलं होतं. “या, बघून तर जा. तुम्ही म्हणालात ते मी मनावर घेतलं बरं का. माणसानं सुधारलं पाहिजे.”

त्यांनी दाराजवळ बोट दाखवलं.

खिळा तिथंच होता. त्यावर एक नवा रिमोट लटकत होता, कोरा करकरीत, अजून प्लॅस्टिकच्या पिशवीतला.

“त्यांच्या आळीतली आणखी दोन पोरं येतात आता,” काकासाहेब अभिमानानं म्हणाले. “त्यांच्यासाठी खास आणला. डावं, उजवं, सगळी बटणं चालतात. आता कुणाची तक्रार नको.”

सर रस्त्यावर आले. उभ्या आयुष्यात ते कधी रस्त्यावर थुंकले नव्हते; थुंकणाऱ्या पोरांना त्यांनी वर्गाबाहेर उभं केलं होतं. गटारीपाशी ते वाकले आणि थुंकले. तोंड स्वच्छ झालं नाही. मग ते वळले, दुकानात परत शिरले, काकासाहेबांच्या देखत खिळ्यावरचा रिमोट काढला, पट्टीवरच्या बाकीच्या रिमोटांत मधोमध अडकवला आणि खिळ्याला दोन्ही हात घातले. खिळा जुना होता, भिंतीत खोलवर गेलेला. सर तो हलवत राहिले.